ज्या गोष्टीला हात थांबले

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. एक-दोन वर्षं नाही, बारा-तेरा हिवाळे. टाळण्याची माझी पद्धत साधी होती. विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. शारदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की ह्यांना साखरेचा त्रास सुरू झाला. तिने माझं रक्त तपासून घेतलं. साखर ठीक निघाली. तेव्हाही मी काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात बनशंकरीच्या बाजारात अवरेकाई आली. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर हिरवे ढीग, आणि ढिगाभोवती वाकलेली माणसं, प्रत्येकाच्या नाकाशी एकेक शेंग. आमच्या निपाणीकडे ह्याच्या भावंडाला पावटा म्हणतात आणि त्याचं एवढं कौतुक करत नाहीत. बंगळूरची माणसं मात्र वर्षभर ह्या दोन महिन्यांची वाट बघतात. दव पडायला लागलं की शेंगेवर तेलकट चिकटपणा येतो, तो बोटांना लागतो आणि साबणानेही चटकन जात नाही. त्या वासाला इथे सोगडु म्हणतात. सोगडु नसेल तर शेंग घ्यायची नाही, असं मला चाळीस वर्षांपूर्वी शेजारणीने बजावलं होतं. मीही एक शेंग उचलून हुंगली आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

निरोप निखिलचा होता. आमच्या वाचणाऱ्या मंडळींचा फोनवर एक गट आहे. कुणी नवीन काय वाचलं ते त्यावर लिहायचं, आणि त्याचा सिनेमा झाला तर काय बहार येईल, ह्यावर दिवसभर वाद घालायचा. निखिलने लिहिलं होतं, "अण्णा, ते फोनवाल्या बाईचं पुस्तक तुम्ही सांगितलं होतं ना, त्याचं नाव काय? खूप शोधलं, सापडतच नाही. पिक्चर आला की नाही तेही कळेना. आता तरी यायलाच पाहिजे."

हुंगलेली शेंग मी परत ढिगावर ठेवली. शेंगवाली म्हणाली, "सोगडु इल्वा?" सोगडु नाही का, असं तिला विचारायचं होतं. सोगडु होता. भरपूर होता.

*

ह्या गटाची सुरुवात आमच्याच घरी झाली, आणि ती पुस्तकांमुळे नाही, शेंगांमुळे झाली. अवरेकाई सोलणं हे एकट्याचं काम नव्हे. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात भिजत घालायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा की सालीतून डाळ टुणकन बाहेर उडते. नव्या माणसाची हमखास समोरच्याच्या चष्म्यावर. पातेलंभर साराला दोन-तीन तास सहज जातात. तेव्हा रविवारी सकाळी शारदा शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायची, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची, आणि मधे ढीग ओतायची. सर्जापूर रोडवरून निखिल यायचा. पुण्याहून नोकरीसाठी नवाच आला होता, कॉम्प्युटरवाला, आईच्या हातच्या जेवणाला मुकलेला. आणि चार घरं पलीकडून विमलअक्का यायच्या.

हात कामात असले की तोंड मोकळं होतं. मला विज्ञानकथांचा नाद. परग्रह, काळाच्या उलट्यासुलट्या वाटा, माणसासारखी यंत्रं असलं काही हाती लागलं की मी सोडत नसे. मी सोलता सोलता पुस्तकं सांगू लागलो आणि हळूहळू त्याचे नियमच झाले. जो सांगेल त्याने सोलायचं नाही. बाकीच्यांनी त्याचं सांगून होईपर्यंत सोलायचं. पुस्तकाची परीक्षाही ठरली. ऐकताना हात चालू राहिले तर पुस्तक बरं, हात थांबले तर पुस्तक खरं. मग शेवटी निखिल विचारायचा, "ह्याचा पिक्चर कोण करणार?" आणि भांडण सुरू. एकजण म्हणायचा, मंगळ दाखवायला बदामीला शूटिंग करा. शारदा म्हणायची, आधी बायकांना काहीतरी काम द्या, तुमच्या यानात सगळे बाप्येच. निखिलला एकच गोष्ट सतावत असे. "आपल्या भाषेत असं काही का नाही? आपल्यातल्या बाईमाणसाला यानात बसवलं तर यान काय पंक्चर होतं?" पुण्यात त्याचे कॉलेजचे दोस्त छोटे सिनेमे करत होते. तो म्हणायचा, "अण्णा, एक मराठी गोष्ट द्या. फक्त एक. बाकीचं आम्ही बघतो."

थोडक्यात, त्या बैठकीचा मी अण्णा होतो. सरकारी कारखान्यात जन्मभर मोजमापाची यंत्रं तपासून निवृत्त झालेला माणूस, कुणाच्या लेखी कधी काही नव्हता. त्या वर्तमानपत्रांवर मात्र मी कुणीतरी होतो. दर रविवारी नवं पुस्तक, आणि दर रविवारी निदान एकदा तरी सगळ्यांचे हात थांबणार. ह्याची चटक लागते. खोटं कशाला सांगू.

*

विमलअक्का खानापूरकडच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या. त्यांची मराठी आमच्या सीमेवरची, त्यात कन्नड मिसळलेलं. "स्वल्प थांबा की ओ अण्णा, घाई कसली?" त्या पुस्तक सांगायच्या नाहीत. फक्त ऐकायच्या आणि सोलायच्या, आणि त्यांच्याइतकं भराभर कुणी सोलत नसे. अळी निघालेली शेंग न बघता बोटांनी ओळखायच्या.

त्या वर्षी मार्गशीर्ष संपता संपता त्या एका दुपारी आल्या. पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची लांब वही काढली. म्हणाल्या, "मी एक लिहिलंय. तुम्ही वाचता तसलंच. चुकलं असेल तर पेन्सिलीनं लिहा. कुणाला सांगू नका एवढ्यात." मग जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुम्हाला बरं पडेल."

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्यावं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. छापील ओळ मला दिसेनाशी झाली होती, आणि ही गोष्ट मी शारदापासूनही लपवली होती. त्या महिन्यात मी एकही पुस्तक वाचलं नव्हतं. पान उघडून बसायचो आणि योग्य वेळी उलटायचो. हे एकट्या विमलअक्कांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी फक्त अख्खी वही मोठ्या अक्षरात लिहून काढली.

गोष्ट अशी होती. एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघालंय, त्यात एक मुलगी आहे. तिची आई इथे पृथ्वीवर, वर्षातून एकदा तिला आवाजाचा निरोप पाठवते. यान लांब लांब जातं तसा निरोप पोचायला आधी दोन वर्षं, मग चार, मग सात. मधेच आई मरते. यान चालवणारं ऑफिस ठरवतं की मुलीला कळू द्यायचं नाही. टेलिफोन ऑफिसमधली एक बाई निवडतात, तिला आईचा आवाज शिकवतात, खोकलासुद्धा. बाई दरवर्षी आई होऊन बोलते. ती निवृत्त होते, दुसरीला शिकवते. दुसरी तिसरीला. आणि पुष्कळ वर्षांनी यानातून उत्तर येतं, जे तिसरीने ऐकायचं असतं. मुलगी म्हणते, "मला तुमच्या दुसऱ्याच निरोपात कळलं होतं. माझी आई कधी 'काळजी घे' म्हणाली नाही. ती 'जेवलीस का' एवढंच विचारायची. पण तुम्ही बोलत राहा. इथे दुसरं कुणी बोलत नाही."

वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच मांडीवर ठेवून बसलो. मग पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी समासात लिहिलं, 'इथे अंतर आणि वेळ जुळत नाही.' चांगलं झालंय, असं कुठेही लिहिलं नाही.

*

पुढच्या रविवारी अक्का नव्हत्या. देवनहळ्ळीला लेकीकडे गेल्या होत्या, नातवाचं बारसं होतं. ढीग ओतला गेला. सगळे माझ्याकडे बघू लागले. "हां अण्णा, काय नवीन?"

माझ्याकडे काही नव्हतं.

बरीच वर्षं मी स्वतःला असं समजावत आलो की मी 'आपल्या अक्कांनी लिहिलंय' असंच सांगणार होतो आणि बोलण्याच्या भरात राहून गेलं. हे खरं नाही. मी सुरुवातच "परदेशातलं एक पुस्तक आहे" अशी केली. लेखकाचं नाव निखिलने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "उच्चारता येण्यासारखं नाही रे, पूर्व युरोपातला कुणी." सगळे हसले. मीही हसलो.

आणि मग हात थांबले. आधी शारदाचे, मग शेजाऱ्यांचे, शेवटी निखिलचे. 'जेवलीस का' म्हणून मी थांबलो तेव्हा भिजलेल्या दाण्यांच्या पातेल्यात कुणाचा तरी हात तसाच बुडालेला होता. शारदाने पदराने डोळे पुसले आणि कांद्यामुळे असं म्हणाली. कांदा कुठेच नव्हता. निखिल म्हणाला, "अण्णा, क्रेझी आहे हे. ह्याचा पिक्चर येणारच. पहिल्या दिवशी पहिला शो, तिकीट माझ्याकडून, सगळ्यांना." त्या दिवशी सिनेमा कोण करणार ह्यावर भांडण झालं नाही. बाहेरचेच लोक करतील, एवढं सगळ्यांना एकदम मान्य झालं.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात यशस्वी रविवार होता. दुपारी सार ओरपताना मला खरोखर भूक लागली होती, हेही सांगून टाकतो. अपराध्याला घास उतरत नाही म्हणतात. मला उतरला.

*

तीन आठवड्यांनी अक्का वही घेऊन आल्या. मी ती त्यांना परत दिलेली होती, "बघा वाचून दाखवून" असंही म्हणालो होतो. का म्हणालो? नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून. आणि मनात कुठेतरी असंही होतं की त्या धीर करणार नाहीत.

त्यांनी धीर केला. नवं इरकल नेसून आल्या होत्या. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा सोलायला न बसता भिंतीला टेकून बसल्या. चष्मा लावला, आणि वाचायला लागल्या. त्यांचा आवाज ऑपरेटरचा, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. पहिल्या पानावर शारदाने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या पानावर निखिलची चुळबुळ सुरू झाली. पण कुणाचेही हात थांबले नाहीत. उलट जरा जास्तच भराभर चालू लागले, संकोचलेली माणसं चालवतात तसे. शेंगा फुटण्याचा तो टक टक आवाज मला आजही ऐकू येतो. अक्कांनाही येत असणार. हात थांबण्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

वाचून झाल्यावर निखिल अगदी हळू आवाजात म्हणाला, "अक्का, मस्त लिहिलंय. पण हे... म्हणजे, अण्णांनी मागे सांगितलं तेच पुस्तक आहे ना? परदेशातलं? सेमच आहे. मला दोस्तांना पाठवायला आवडलं असतं, पण राइट्स वगैरे त्यांचे असणार."

अक्कांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात राग नव्हता. तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला, कुठली तार कुठे गेली ते कळायला एक क्षण लागला असेल. त्या वाट बघत होत्या. मी बोलायचं होतं. एक वाक्य. आणि मी बोललोही. मी म्हणालो, "कल्पना काय, कुणाच्या मालकीच्या नसतात. जगात दोन ठिकाणी एकच सुचू शकतं. अक्कांनी काही ते पुस्तक वाचलेलं नाही."

सगळ्यांना वाटलं, अण्णांनी किती सांभाळून घेतलं. शेजाऱ्यांपैकी एकाने मानही डोलवली.

अक्का म्हणाल्या, "असेल की. फोन ऑफिसातल्या बाईला नवीन काय सुचणार?" त्यांनी वही पिशवीत ठेवली, ढिगापाशी सरकल्या आणि सोलायला लागल्या. उठून गेल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शेवटपर्यंत बसल्या, सारभात जेवल्या, शारदाला ताट घासू लागल्या. पुढच्या हिवाळ्यात मात्र आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी घर भाड्याने देऊन लेकीकडे देवनहळ्ळीला राहायला गेल्या. त्यांनी परत काही लिहिलं का, हे मी कुणाला विचारलं नाही.

*

नंतर माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सगळं लख्ख दिसू लागलं. मी पुन्हा खरीखुरी पुस्तकं वाचून सांगू लागलो, आणि निखिल आम्हां म्हाताऱ्यांना मॉलमधल्या थिएटरात विज्ञानाचे सिनेमे दाखवायला नेऊ लागला. अंधारात यान निघालं की सगळे पुढे सरकून बसायचे. मी मागे टेकायचो. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ती बाई पडद्यावर येईल, कानाला यंत्र लावलेली, आणि खोकेल. खरोखरच कुणा परक्याला तीच गोष्ट सुचली असेल, असा सिनेमा निघेल, आणि माझं खोटं मागाहून खरं ठरेल. ही माझी सिनेमाकडून असलेली आशा. लोक सिनेमाकडून काय काय मागतात. मी सुटका मागत होतो.

आणि ते सगळं सोडलं तरी एक प्रश्न उरतोच. तीच गोष्ट, तेच शब्द. 'पूर्व युरोपातला कुणी' म्हटल्यावर हात थांबले आणि चार घरं पलीकडची अक्का वाचू लागल्यावर थांबले नाहीत. ह्यात निखिलची काय चूक? आपल्यातल्या कुणाला असं सुचेल ह्यावर त्याचा विश्वास बसावा म्हणून तो जीव टाकत होता. ती गोष्ट त्याच्या समोर आली होती, आणि तिच्या वाटेत मी बसलो होतो.

बाजारातून परत आल्यावर मी शारदाला सगळं सांगितलं. ती शेंगांची पिशवी हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "म्हणून पाणी प्यायला जात होतात होय." आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी शेंगा तिने एकटीने सोलल्या, मला बोलावलं नाही.

मी गटावर लिहिलं, "असं कुठलंही पुस्तक नाही. ती गोष्ट विमलअक्कांची होती. मी त्यांच्या वहीतून चोरून सांगितली. त्यांनी वाचली त्या दिवशीही मी खरं सांगितलं नाही. निखिल, तुला हवी असलेली मराठी गोष्ट तीच." निखिलचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. मग एकच ओळ आली. "अण्णा, अक्का असताना सांगायला हवं होतं."

अक्का गेल्या आषाढात गेल्या.

*

त्या असताना मी गेलो होतो. हे निखिलला लिहिलं नाही, कारण त्यामुळे माझी बाजू बरी दिसत नाही, आणखी वाईट दिसते. तीन वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, मी देवनहळ्ळीची बस धरली. वाक्य पाठ केलेलं होतं. विमानतळ मागे पडला, द्राक्षांच्या मळ्यांच्या जागी आखलेले प्लॉट सुरू झाले, मी वाक्य घोकत होतो. बस स्टँडवरून रिक्षा केली. किल्ल्याच्या दारापाशी रिक्षाचा धक्का एका भाजीच्या गाडीला लागला, चार टोमॅटो घरंगळले. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "तप्पायितु अण्णा." चुकलं. भाजीवाला टोमॅटो उचलत म्हणाला, "सरी, होगी." बरं, जा. झालं. आम्ही पुढे निघालो. मला वाटलं, एवढं सोपं असतं हे.

अक्का ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून पहिला प्रश्न, "जेवलात का?"

मग त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. त्यात अवरेकाई होतीच. आम्ही दोघं सोलत बसलो. त्यांची बोटं आता हळू चालत होती. मी म्हणालो, "अक्का, त्या वर्षी..." आणि डोक्यावरून विमान गेलं. तिथे दर थोड्या वेळाने जातं. विमानामुळे राहिलं असं म्हणता आलं असतं. पण विमान गेलं, आणि त्यानंतर चांगली शांतता होती. अक्का शेंग हातात धरून थांबल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते. मी खाली बघून पुढची शेंग उचलली.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं. साध्या आवाजात, बोचेल असं काही न घालता. "अण्णा, त्या पुस्तकाचा सिनेमा झाला का ओ?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. दुसऱ्यांदा.

मी म्हणालो, "नाही अक्का. अजून नाही."

"होऊ दे," त्या म्हणाल्या, "चांगला होईल." आणि त्यांचे हात पुन्हा चालू झाले.

निघताना त्यांनी सोललेले दाणे डब्यात भरून दिले, शारदाला द्या म्हणून. परतीच्या बसमध्ये तो डबा मांडीवर होता. माझ्या बोटांना सोगडु लागलेला होता, आणि घोकून आणलेलं लांबलचक वाक्य मला पुन्हा अख्खं आठवत होतं. त्यातलं बहुतेक सगळं नको होतं. रस्त्यातल्या रिक्षावाल्याला माहीत असलेला एक शब्द पुरला असता. तो मी आज इथे लिहितो, मोठ्या अक्षरात लिहिता येत नाही म्हणून निदान स्पष्ट.

तप्पायितु, अक्का.